काटा काय म्हणतो?

मी ओमानमध्ये संडास विकायचो. व्हिजावर त्याला 'सेल्स एक्झिक्युटिव्ह, सॅनिटरीवेअर' म्हणत आणि डोंबिवलीत माझ्या सासुरवाडीला 'जावईबापू गल्फमध्ये मोठ्या कंपनीत आहेत' म्हणत. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी गाडीच्या इंजिनाबद्दल बरंच बोलणार आहे आणि मला त्यातलं काही कळतं असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. वायंगणकर मास्तरांचा असा गैरसमज कधीच झाला नाही. पहिल्या भेटीतच त्यांनी मला ओळखलं, आणि तेही माझ्याकडे न बघता. न बघता का, ते कळायला मला फार वेळ लागला. माझी निरीक्षणशक्ती सॅनिटरीवेअरपुरतीच आहे.

मास्तरांकडे मला माझ्या गाडीने नेलं. नेलं म्हणजे टोइंग करून नेलं. गाडी जुनी जपानी सेडान होती. माझ्या आधी तिला किती मालक झाले होते ते तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मस्कतच्या गाला भागातल्या ऑफिसातून वादी अदाईला घरी येताना ती मधेच अडखळायची. ॲक्सिलरेटर दाबावा तर क्षणभर काहीच नाही, मग एकदम मागून कुणी टपली मारल्यासारखी पुढे. मी इंटरनेटवर बसलो. तिथे उलटी टोपी घातलेला एक तरुण सांगत होता की हा थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा दोष. हा सेन्सर म्हणजे इंजिनातला चहाडखोर. आपला पाय कुठवर गेलाय ते तो तारेतून गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो, आणि कॉम्प्युटर त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. चहाडखोर म्हातारा झाला की मधेच गप्प बसतो, किंवा खोटं सांगतो, आणि गाडी गोंधळते. बदलायला दोन स्क्रू. टोपीवाला म्हणाला, लहान मूलसुद्धा करेल.

लहान मुलाने केलं असतं तर बरं झालं असतं. मी शुक्रवारी सकाळी बिल्डिंगखाली बॉनेट उघडलं, अंगठा सोलून घेतला, जुना सेन्सर काढून कचऱ्यात टाकला आणि नवा बसवला. सेन्सरच्या पोटात एक खाच असते, ती थ्रॉटलच्या दांड्यावर एका विशिष्ट बाजूनेच बसवायची असते. टोपीवाला हे बहुधा सांगत होता तेव्हा मी व्हिडिओ पुढे ढकलला होता. चावी फिरवली आणि गाडीने असा काही गळा काढला की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं बाल्कनीत आली. मी सगळ्यांकडे बघून हात हलवला, जसं काही हे ठरलेलंच होतं.

मंजिरी, माझी बायको, खाली आली. "नवीन पार्ट घातलास ना?"

"हो."

"मग आता जुनी होती तशी तरी कर."

ते होईना. म्हणून टोइंग, म्हणून गाला, म्हणून वायंगणकर मास्तर.

गालाच्या इंडस्ट्रियल एरियात गॅरेजांची कमी नाही. रांगच्या रांग आहे, आणि प्रत्येकाच्या दारात एक माणूस हात पुसत उभा असतो. मास्तरांच्या गॅरेजात हात पुसत उभा असायचा तो शाजी. हा केरळचा, चलाख, कामाला झपाट्याचा. मास्तर स्वतः आत एका उलट्या ऑइलच्या डब्यावर बसलेले. साठीचे, काटकुळे, इस्त्रीचा शर्ट, कॉलरला आतून टोचलेल्या दोन टाचण्या आणि जाड भिंगाचा चष्मा. हा चष्मा मी कायम त्यांच्या कपाळावर पाहिला. डोळ्यांवर कधी नाही. नंबर कपाळाला असावा असं मी मंजिरीला म्हटल्याचं आठवतं. विनोद बरा होता. पुढे तो मलाच चावला.

मास्तर गावाकडे, सिंधुदुर्गात, आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेड शिकवायचे. निवृत्त झाले आणि मस्कतला आले. पण निवृत्त झाल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. गिऱ्हाइकाला ते विद्यार्थी समजत, गॅरेजला वर्ग, आणि बाकी जगाला एटीकेटी लागलेली बॅच. शिकवताना शुद्ध मराठी, तुम्ही-आम्ही. डोकं फिरलं की थेट मालवणी. विद्यार्थ्याला आपली प्रगती त्यावरून समजे.

त्यांनी हात मिळवला, तो थोडा जास्त वेळ धरून ठेवला, मग उठून बॉनेटखाली गेले. सेन्सरवर नुसती बोटं फिरवली.

"कोणी बसवला?"

"एका मेकॅनिकने."

"कुठला?"

"वादी अदाईचा आहे एक."

"त्याला माझा निरोप द्या. म्हणावं, परत स्क्रू-ड्रायव्हरला हात लावू नकोस. आणि अंगठ्याची पट्टी सोडून हळद लाव."

मी अंगठा मागे लपवला. शाजी हसू लपवायला डिकीत शिरला.

"जुना सेन्सर कुठे आहे?"

"टाकला."

"तपासला होता?"

"नाही, इंटरनेटवर..."

"इंटरनेटने तपासला होता?"

"नाही."

"म्हणजे आरोप ठेवला, आणि चौकशी न करता बडतर्फ केला. आमच्या ग्रामपंचायतीत शिपायाला काढायचं झालं तरी आधी नोटीस देतात." मग म्हणाले, "तो निर्दोष असलो तर, मेल्या?"

तो निर्दोष होता. कनेक्टरच्या एका पिनेला गंज चढला होता. मास्तरांनी टाचणीने खरवडून तो काढला, नवा सेन्सर सरळ बसवला, आणि गाडी सासरहून आलेल्या मुलीसारखी शांत झाली. माझा जुना, प्रामाणिक चहाडखोर तोवर महापालिकेच्या ट्रकातून कुठल्या कुठे गेला होता.

हे मास्तरांचं मुख्य तत्त्व. आधी चौकशी, मग हकालपट्टी. गालातली बाकीची गॅरेजं पार्ट बदलून बघत. एक बदलला, नाही जमलं, दुसरा बदलला. मास्तर याला 'प्रश्नपत्रिका न वाचता पेपर लिहिणं' म्हणत. शाजी त्यांच्या मते या पद्धतीचा सुवर्णपदक विजेता होता. अर्बाबने, म्हणजे गॅरेजच्या ओमानी मालकाने, नुकतंच एक स्कॅनर मशीन घेतलं होतं, गाडीला जोडलं की स्क्रीनवर दोषाचा कोड दाखवणारं. शाजी ते तान्ह्या मुलासारखं कडेवर घेऊन फिरायचा. मास्तर त्याच्याकडे ढुंकून बघत नसत. "ते नापासांचं गाइड आहे," म्हणत.

त्यांचं स्वतःचं यंत्र म्हणजे काट्याचा जुना व्होल्टमीटर, बहुतेक आयटीआयमधून त्यांच्याबरोबरच निवृत्त झालेला. परीक्षा अशी चाले. इंजिन बंद, चावी फक्त ऑन. सेन्सरच्या तीन तारांतली बातमी नेणारी तार मास्तर बोटांनी शोधत, तिच्यात कॉलरची टाचणी टोचत, टाचणीला मीटरचा लाल चिमटा, काळा चिमटा बॅटरीला. मीटर मडगार्डवर. मग मास्तर थ्रॉटलचा दांडा हाताने हळूहळू फिरवत, आणि काटा अर्ध्या व्होल्टच्या आसपासून निघून साडेचारच्या आसपास जाऊन पोचायला हवा. कसा पोचतो ते महत्त्वाचं.

आणि काटा वाचायचा गिऱ्हाइकाने. हा नियम. स्वतः मास्तर मीटरकडे बघतही नसत. मान वर करून छताकडे बघत राहत, जसं तोंडी परीक्षेत परीक्षक बघतात.

"काटा काय म्हणतो?"

"दोन... सव्वादोन..."

"आकडे नकोत. आकडे वाण्याला सांगा. चाल सांगा. कसा चाललाय?"

"वर चाललाय."

"वर सगळेच जातात शेवटी. कसा? जिना चढणाऱ्या आजोबांसारखा सावकाश, की आमदारासारखा?"

आमदारासारखा म्हणजे मधेच उडी मारून परत जागेवर. तशी उडी दिसली की सेन्सर बाद. हा प्रकार त्यांनी ओमानी, पंजाबी, मल्याळी सगळ्यांना आपापल्या भाषेत करायला लावला. एक दांडगा पंजाबी ट्रकमालक मडगार्डवर ओणवा होऊन "मास्टरजी, शरमा रहा है, अब चल पड़ा" असं सांगताना मी स्वतः ऐकलाय. लोक बाहेर येऊन शाळा सुटल्यासारखे हसायचे, पण पुढच्या वेळी परत मास्तरांकडेच यायचे. स्वतःच्या गाडीचा दोष स्वतःच्या तोंडाने सांगण्यात काही सुख असावं. लग्नात ते सुख मिळत नाही.

गाडीही गिऱ्हाइकानेच चालवून बघायची. मास्तर शेजारी बसून डोळे मिटून ऐकत. मी एकदा म्हटलं, "मास्तर, तुम्हीच चालवा की." तर म्हणाले, "परीक्षा तुमची आहे." मला ते फार भारी वाटलं. माझ्या ऑफिसात मी हे वाक्य दोन ठिकाणी वापरलं आणि दोन्ही ठिकाणी गिऱ्हाईक गेलं.

घमेंड मात्र होती. रुवीच्या एका सुपरमार्केटात मी आणि मंजिरी त्यांना समोरासमोर भेटलो. मी "नमस्कार मास्तर" म्हणायला तोंड उघडलं, आणि ते माझ्या खांद्याजवळून, तोंडावर कसलाही भाव न आणता, बांगड्यांच्या बर्फाकडे चालते झाले.

"हेच का तुझे मास्तर?" मंजिरी म्हणाली.

"गाडी बरोबर असली तर ओळखतात," मी म्हणालो. ते अक्षरशः खरं होतं. गॅरेजात माझी गाडी कोपऱ्यावर वळली की आतून आवाज यायचा, "डोंबिवली आली." मला तो सन्मान वाटे.

आता माझा मोठा पराक्रम.

मंजिरीचे आई-बाबा मस्कतला येणार होते. विमानतळावर आपण गाडी घेऊन जाणार, सासरे पुढे बसणार, जावयाचं ड्रायव्हिंग बघणार. आणि गाडी परत अडखळायला लागली होती. मी आदल्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मास्तरांकडे गेलो. रेडिओवर मॅच चालू होती, शेवटची षटकं. मास्तरांनी टाचणी टोचली, चिमटे लावले. "चावी ऑन," म्हणाले. मी आत वाकून चावी फिरवली, रेडिओ वाजत होता, म्हणजे ऑन. मी येऊन मीटरपाशी उभा राहिलो, कान मॅचकडे.

"काटा काय म्हणतो?"

काटा काहीच म्हणत नव्हता. शून्यावर पडून होता.

आता सरळ माणसाने काय केलं असतं? "मास्तर, काटा हलत नाही," म्हटलं असतं. पण मी वर्गात कधीच सरळ माणूस नव्हतो. मला वाटलं, मलाच दिसत नाहीये. मी चुकीच्या रेषेवर बघत असेन, संध्याकाळचा उजेड असेल, आणि आता मास्तर विचारतील 'एवढं पण दिसत नाही?' आणि शाजी परत डिकीत शिरेल. मास्तर दांडा फिरवू लागले होते. मी म्हणालो, "चालला."

"कसा?"

"आजोबांसारखा."

"मधे थांबला?"

"छे. एकदम सावकाश चढतोय."

मास्तर समाधानाने मान हलवत म्हणाले, "हां. बघतोय ना मी. छान चाललाय. सेन्सर पास."

मला हायसं वाटलं. त्यांना दिसला म्हणजे चालला असणारच. मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सासू-सासऱ्यांना घेऊन येताना वादी अदाईच्या राउंडअबाउटवर, तीन बाजूंनी गाड्या येत असताना, माझ्या गाडीने मान टाकली. मागे हॉर्नचा समुद्र. सासरे खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "इथे थांबायचं असतं का?" मी म्हणालो, "हो, ओमानमध्ये तशी पद्धत आहे." एका ओमानी पोराने गाडीला धक्का दिला. सासूबाई त्याला मराठीत आशीर्वाद देत होत्या.

रस्त्याकडेला बसून परत परत चावी फिरवताना मला कळलं. चावीचे टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर नुसता रेडिओ लागतो. इंजिनाचा कॉम्प्युटर, सेन्सर वगैरे मंडळी जागी होतात ती त्याच्या पुढच्या टप्प्यावर. पुढच्या टप्प्यावर मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप दोन क्षण गुणगुणतो, मास्तर रोज तेच ऐकत असणार. आदल्या संध्याकाळी मॅचच्या गोंगाटात ते बुडालं. म्हणजे मी काल चावी पुरती फिरवलीच नव्हती. तारेत वीजच नव्हती. काटा शून्यावर होता, कारण तो शून्यावरच असायला हवा होता. मी धडधडीत खोटं बोललो होतो. ठीक आहे, त्यात नवीन काही नाही.

पण मग मास्तरांनी काय बघितलं होतं?

हा प्रश्न माझ्या डोक्यात घुसला आणि मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. कपाळावरचा चष्मा. सुपरमार्केटातले बांगडे. "आकडे नकोत, चाल सांगा." बोटांनी शोधलेल्या तारा. छताकडे बघणारी मान. डोंबिवली आली. एवढी वर्षं हा माणूस गालाच्या भर वस्तीत गिऱ्हाइकांच्या डोळ्यांनी गाड्या तपासत होता, आणि आम्ही त्याला शिस्त समजत होतो.

त्याच दुपारी मी गॅरेजात गेलो तेव्हा शाजी जेवायला गेला होता. मास्तर डब्यावर बसून सुलेमानी चहा पीत होते. मी म्हणालो, "मास्तर, काल चावी अर्धीच होती."

त्यांनी कप खाली ठेवला. जागा आधी हाताने चाचपून मग ठेवला. आता मला ते दिसत होतं. मग म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत आसा. मोतीबिंदू."

"मग काढून टाका ना. हल्ली साधं ऑपरेशन आहे."

"पिकाक व्हयो आधी."

"मास्तर, तो हापूस नाही."

"आमच्या वडलांचो पिकल्यावरच काढलेलो."

"आणि मग?"

"मग काय, एका डोळ्यान बघीत ते शेवटपर्यंत." ते हसले नाहीत. "डोळ्यात सुरी घालतले. आणि बिघडला तर? अर्बाबाक कळला तर आजच खलास. आंधळो मेकॅनिक कोण ठेवतलो? घराक धाडीत."

"मग जा की घरी. मुलगा आहे, सून आहे. आराम करा."

"घराक मी कोण?" मास्तर म्हणाले. "पेन्शन हाडणारो म्हातारो. सून चाय देता, झील टीव्हीचो आवाज कमी करूक सांगता. हय मी मास्तर आसय." कप परत चाचपून उचलला. "तू कोणाक सांगू नको."

मी वचन दिलं. माझं वचन म्हणजे काय दर्जाचा माल, हे त्यांना आत्ताच कळलं होतं; पण त्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. मी कुणालाही सांगितलं नाही. मंजिरी सोडून. म्हणजे ते गुपितच राहिलं. मंजिरीला मी सांगितलेलं काही ती ऐकत नाही.

सांगणाऱ्या माणसाची गरजच पडली नाही. मदत करणाऱ्या माणसाने काम केलं. तो मीच.

अर्बाब रुस्ताकचा. रोज सकाळी आपल्या पिकअपने रुस्ताकहून गालाला यायचा, दुपारी परत. जाडजूड, सावकाश बोलणारा, कॉफीचा थर्मास बरोबर बाळगणारा माणूस. त्याचा पिकअप हायवेवर झटके देऊ लागला. शाजीने स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, काही दोष नाही. शाजीने प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंप बदलला. झटके तसेच. शेवटी अर्बाब मास्तरांना म्हणाला, "मास्टर, शाजी सब चेंज किया. अब खाली अर्बाब बाकी है. तुम देखो."

मी त्या दिवशी तिथे होतो, कारण माझी गाडी तिथेच असायची. मास्तरांचा चेहरा मी पाहिला. मालकाच्या गाडीत मालकालाच काटा वाचायला लावायचा? ते छताकडे बघायला लागले. मी पुढे झालो. "मास्तर, मी वाचतो." मास्तरांनी होकार दिला, म्हणजे इलाजच नव्हता.

या वेळी मास्तरांनी अर्बाबलाच सीटवर बसवलं. "अर्बाब, तुम पैर से दबाओ. धीरे. जैसे रोज चलाता है." चावी मी स्वतः दोनदा बघितली. पंप गुणगुणला. मास्तरांनी टाचणी टोचली, मी मीटर मडगार्डवर ठेवला आणि उभ्याने वाचू लागलो. काटा चढत होता, सावकाश, आजोबा. मला वरून बघताना मधे काहीतरी थरथरल्यासारखं वाटलं, पण खात्री होईना. काट्याच्या मीटरला डोळा समोरून लावावा लागतो, वरून बघितलं की फसवतो.

"मधे कायतरी आहे मास्तर. नक्की दिसत नाही."

"उभ्यान बघतस?" मास्तर खेकसले. "बस. बस मेल्या, बस."

आता मराठीत 'बस' म्हणजे बूड टेक. पण अरबीत 'बस' म्हणजे पुरे, थांब. मी मीटर उचलून मांडीवर घेतला आणि टायरपाशी बसलो. आणि आत अर्बाबने, मास्तरांनी थांब म्हटलंय असं समजून, पाय होता तिथेच रोखून धरला. अर्ध्या दाबावर. बरोबर तिथे, जिथे रुस्ताक ते गाला त्याचा पाय रोज तासभर असतो. आणि त्या एका जागी माझ्या मांडीवर काटा तापात कुडकुडणाऱ्या माणसासारखा थरथरत होता.

"थरथरतोय," मी म्हणालो. "मास्तर, एकाच जागी. आमदार नाही, ताप आलाय."

मास्तरांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता हे पुस्तकच काढणार. "झिजला. जिथे पाय रोज असतो तिथेच झिजणार. बाकी सगळा सेन्सर नवा, आणि रोजची जागा तेवढी गेली. स्कॅनरला ती दिसत नाही, एवढी बारीक आहे."

अर्बाब खाली उतरला. माझ्या मांडीवरच्या मीटरकडे त्याने वाकून बघितलं. मग मास्तरांकडे. "मास्टर, तुम देखा?"

"देखा अर्बाब. साफ देखा."

"किधर?"

"ये क्या," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मोठ्या रुबाबात बोट दाखवलं. मडगार्डकडे. जिथे मीटर आधी होता. जिथे आता काहीच नव्हतं, शाजीचं एक ऑइलचं फडकं होतं.

मी मांडीवर मीटर घेऊन बसलो होतो. तो मीच तिथून हलवला होता.

शाजीने स्कॅनर कडेवरून खाली ठेवला. मास्तरांचं बोट तसंच राहिलं, मग त्यांनाच काहीतरी जाणवलं आणि ते हळूहळू खाली आलं. त्या क्षणी त्यांचं सगळं गेलं होतं, व्हिजा, डबा, वर्ग, आणि मी इतका जवळ बसलो होतो की त्यांच्या चपला मला दिसत होत्या. नीट पॉलिश केलेल्या. दोन्ही वेगवेगळ्या जोडातल्या.

अर्बाबने थर्मासमधून कॉफी ओतली. छोटा कप मास्तरांच्या हातात धरवला, बोटं मिटेपर्यंत धरून ठेवला. मग शाजीला म्हणाला, "नया सेन्सर डालो, यल्ला." आणि मास्तरांना: "तुम सब का सेन्सर चेक करता. तुम्हारा कौन चेक करेगा?"

मास्तर पुटपुटले, "जाएगा अर्बाब. इन्शाल्ला."

गॅरेजात इन्शाल्ला म्हणजे गाडी आज मिळत नाही. अर्बाबला ते आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तो म्हणाला, "इन्शाल्ला हम बोलेगा. तुम जाएगा." मग आपल्या डोळ्याखाली बोट ठेवून म्हणाला, "मेरा भी किया. दोनों. तुम गधा है मास्टर, मैं तुम्हारा चप्पल कितना दिन से देखता."

ऑपरेशन मस्कतमध्येच झालं, आधी एक डोळा, मग दुसरा. दोन्ही वेळा अर्बाबने स्वतः पिकअपमधून नेलं, नव्या सेन्सरसह. मी दुसऱ्या वेळी भेटायला गेलो. मास्तरांनी पट्टी काढल्यावर माझ्याकडे बराच वेळ बघितलं. वर्गातल्या मागच्या बाकावरचा मुलगा इतक्या वर्षांनी पुढे आल्यासारखं.

"तू डोंबिवली?"

"हो मास्तर."

"असो दिसतंस?" ते म्हणाले. "आवाजावरसून माका वाटलेला, बरो असशीत."

मग ते गॅरेजात परत आले आणि गॅरेजच्या नशिबी साडेसाती आली. त्यांना सगळं दिसायला लागलं. भिंतीचा रंग, शाजीची नखं, माझ्या गाडीचा पोचा, जो 'अगदी बारीक आहे' असं मी सांगितलं होतं. शाजी मला एकदा बाजूला घेऊन म्हणाला, "सार, पहले मास्टर अच्छा था." स्कॅनरची स्क्रीन मात्र मास्तर वाचू लागले, त्यातली इंग्लिशची चूक शाजीला दाखवून परत 'गाइड'च म्हणत.

पुढे आमच्या कंपनीला माझी गरज उरली नाही. लोकांनी संडास घेणं थांबवलं असं नाही, माझ्याकडून घेणं थांबवलं. डोंबिवलीला परत जायचं ठरलं. गाडी विकायची होती, म्हणून जाण्याच्या आठवड्यात तिला शेवटचं मास्तरांकडे नेलं.

त्यांनी चष्म्याशिवाय टाचणी टोचली, चिमटे लावले, मीटर मडगार्डवर. आणि मान वर केली. सवय.

"काटा काय म्हणतो?"

मी खाली बसलो, डोळा समोर लावला. पंप गुणगुणलेला मी ऐकला होता. मास्तर दांडा फिरवत होते. काटा शून्यावर.

परत तेच. सगळं जुनं तोंडाशी आलं: 'चालला, आजोबांसारखा.' मग मी म्हणालो, "काही म्हणत नाही, मास्तर. निजलाय."

मी वर बघितलं. मास्तर छताकडे बघत नव्हते. मीटरकडेही नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, टाचणीसारखे बारीक डोळे करून. बहुधा पहिल्यापासून. त्यांनी दुसरा हात उघडला. काळा चिमटा त्यांच्या मुठीत होता, बॅटरीला लावलाच नव्हता.

"त्या दिवशी पण निजलेलोच होतो मां काटो?"

"हो."

"माका दिसाक नाय, कारण माझे डोळे गेलेले." त्यांनी चिमटा बॅटरीला लावला. काटा उठून बसला. "तुका दिसा होतो. मगे आंधळो कोण?"

तेवढ्यात दारात एक गाडी वळली, खडखडत. मास्तरांनी मान वळवली नाही. "रुस्ताकचो पिकअप," म्हणाले, आणि मग मोठ्याने, आत येणाऱ्या अर्बाबला, "अर्बाब, बाहर खडा करो. इधर परीक्षा चालू है."